पेवावरची गिटार

योगीराजला साथ नको होती. ना तबला, ना कीबोर्ड, ना कुणाचा गळा. पुण्याच्या हॉटेलांत दुसऱ्यांच्या गाण्यांमागं वाजवून तो विटला होता. आता त्याला फक्त स्वतःचा जॅझचा अल्बम करायचा होता. एकटी अकौस्टिक गिटार, काही जगभर वाजवल्या जाणाऱ्या जुन्या चाली आणि काही त्याच्या स्वतःच्या. परभणीत माझं रेकॉर्डिंग म्हणजे भजनी मंडळं आणि प्रचाराची गाणी. तरी त्यानं मलाच बोलावलं, कारण चुकलं तर तोंडावर सांगणारा शाळेपासूनचा मित्र मी एकटाच उरलो होतो.

जागा त्यानंच ठरवली होती. चुडाव्याजवळच्या त्याच्या गावी, दत्तराव काकांच्या घरामागची धान्याची खोली. दगडी भिंती, एकच दार, खिडकी नाही. फरशीखाली जुनं पेव, म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेली दोन पुरुष खोल पोकळी. तोंडावर दगडी झाकण आणि कडेनं माती लिंपलेली. त्या पोकळीमुळं खर्जाची तार अशी घुमायची की मला माझ्या स्टुडिओची लाज वाटली.

काम दुपारी चालायचं. जवळच्या रेल्वेची धडधड माइकमध्ये यायची, म्हणून स्टेशनातून गाडी निघून गेली की मी दार ओढून घ्यायचो. लॅपटॉपचा आवाज आत नको म्हणून स्वतः बाहेर ओट्यावर बसायचो, माइकची वायर दाराखालून आत. कानाला हेडफोन, समोर हुरड्यात आलेली ज्वारी. आतलं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं.

योगीराजची काकू, धुरपताबाई, शेजारीच हरभऱ्याची भाजी निवडत बसायच्या. पेवात उतरायची रीत त्यांनीच मला सांगितली. बंद पेवातली हवा खराब होते, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्यानं खाली सतत गात राहायचं. गाणं थांबलं की वरच्यांनी ओढून घ्यायचं. त्यांचे धाकटे दीर लिंबाजी असेच उतरले होते आणि गेले होते.

"मग गाणं थांबल्यावर ओढलं नाही का?" मी विचारलं.

"थांबलंच न्हाई की," त्या भाजी निवडत म्हणाल्या. "दिवस कलला तरी चालूच. लय येळ झाला म्हून ह्यांनी दोर ओढला. आंग कवाच थंड पडलेलं. अन् खालून गाणं यायलंच व्हतं."

मी हसलो नाही, पण विश्वासही ठेवला नाही. घाबरलेले कान काहीही ऐकतात. माझं पोट कानांवर चालतं, मला तेवढं कळतं.

अल्बम सुंदर होत होता, फक्त योगीराजचं समाधान होत नव्हतं. स्वतःच्या चालींना त्याला अजून खोल आवाज हवा होता. एके सकाळी त्यानं आणि दत्तरावांनी पहारीनं झाकण जरासं सरकवलं. एवढ्याशा फटीनं काय होतंय, असं आम्हाला वाटलं. धुरपताबाईंनी दिवसभर दार उघडं ठेवायला लावलं, आत कंदील ठेवून बघितला. तो विझला नाही. दुसऱ्या दिवशी मी माइक फटीजवळ उभा केला. दार लावताना त्या म्हणाल्या, "त्याच्याकडं ध्यान ठिव बाबा."

मी त्यांना हेडफोन दाखवले. माझं ध्यान दुसरीकडं जाणं शक्यच नव्हतं.

त्या दुपारी त्यानं ठरलेली चाल संपवली. थोडी खुडबुड झाली, एक खोकला आला. मग एक नवीन चाल सुरू झाली, जी त्यानं मला कधी ऐकवली नव्हती. ओवीसारखी साधी, फिरून फिरून त्याच जागी येणारी, पण सूर त्याच्या जॅझचे. मला फार आनंद झाला. गडी रंगात आलाय, त्याला तोडू नये, म्हणून मी जागचा हललो नाही. मी तर डोळे मिटून घेतले होते.

गाडी आली आणि धडधडत गेली. ओटा हादरला. हेडफोनमध्ये मात्र ती आलीच नाही. तिथं नुसती गिटार होती.

तेव्हा मी उठलो.

दार उघडलं. योगीराज भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर. हात लावला तर गार.

गिटार त्याच्या हातात नव्हती. ती शेजारी पेटीत होती आणि पेटीच्या खिट्ट्या लावलेल्या होत्या.

माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधून चाल येतच होती.

मी त्याला ओढत ओट्यावर आणलं, छाती दाबली, दत्तरावांना हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, खराब हवा, आणि जाऊन बराच वेळ झालाय. तो सगळा वेळ मी त्याला ऐकत बसलो होतो. हे मी त्याच्या बायकोला, प्रियांकाला, अजून सांगू शकलेलो नाही.

रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. त्यात माझी हाक आहे, "योग्या!" हाकेसरशी गिटार थांबते, कुणी कान द्यावा तशी. मग पुन्हा तिथूनच सुरू होते.

दहावा झाल्यावर दत्तरावांनी पेव कायमचं बुजवायला गवंडी आणला. मी सामान न्यायला गेलो. माइक अजून फटीजवळच उभा होता. काढण्याआधी मी वायर जोडली आणि हेडफोन लावले. मला फक्त शांतता ऐकायची होती.

मी गवंड्याला थांबवलं. हेडफोन धुरपताबाईंच्या कानांवर ठेवले.

त्यांनी बराच वेळ ऐकलं. मान हळूहळू ठेक्यात हलायला लागली. मग त्यांनी हेडफोन काढून पदरानं पुसले आणि माझ्या हातात दिले.

"ओढायला पाहिजे काकू," मी म्हणालो. "तो वाजवतोय अजून."

"दोर कुठं बांधतूस लेकरा? आंग तर आपुन जाळून आलाव." त्या फटीकडं बघत होत्या. "लिंबाजी भावजी इतकी वर्सं एकलेच गायलेत. आता त्यान्ला साथ हाय."

त्यांनी गवंड्याला मान हलवून खुणावलं. त्यानं फटीत मातीचं पहिलं घमेलं ओतलं.

हातातल्या हेडफोनमध्ये गिटार थांबली. मी वाट पाहिली. ती पुन्हा सुरू झाली नाही. रीतीप्रमाणं आता ओढून घ्यायला हवं होतं.

गवंड्यानं दुसरं घमेलं ओतलं.