हं-हं करणारा मास्तर

संध्याकाळी पाचला मास्तर टायपिंगच्या दुकानात शिरला, तर काउंटरमागच्या मुलीने कानावरचे हेडफोन काढून एकदम विचारलं, "ते हं-हं करणारे तुम्हीच ना?"

"म्हणजे?"

"तीन आठवडे तुमच्या मुलाखती टाइप करतेय. समोरचं माणूस जरा बोलायला लागलं, की तुमचं हं-हं सुरू! मग ते म्हणतं, 'तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे.' झालं, विषय खलास! अकरा मुलाखतींत चौतीस वेळा. मोजलंय मी."

मास्तरचा चेहराच उतरला. ज्या शाळेत शिकला तिथेच तो शिकवायचा, आणि संशोधनही त्याच शाळेवर. आपण घरचे, आपल्याशी सगळे मोकळं बोलणार, ही त्याची ऐट. आणि गाईड बाईंनी कालच सुनावलेलं... आठ दिवसांत एक तरी नीट मुलाखत आणा, नाहीतर विषय सोडा.

"मग... तुम्हीच विचारता का?"

"मी? मी तर बाहेरची!"

"म्हणून तर..."

रविवारी ती घरी आली. बारावी मुलाखत मास्तरच्या आईची. तीस वर्षं त्याच शाळेत मावशी होती ती. मास्तरने कोपऱ्यात तोंड मिटून बसायचं, असा हुकूम झाला.

"मावशी, आवडतं काम कोणतं होतं?"

"फळा पुसायचं," आई लाजली. "पण आधी एकेक अक्षर बोटाने गिरवायचे, मगच पुसायचे. हा दारातून ओरडायचा, आई, आटप गं! तीन वर्षांत वाचायला लागले बघ."

मास्तरला राहवलं नाही. "मला कधी बोलली नाहीस!"

"तुला वाटायचं, आईला वाचता येतंच. कशाला सांगू?"

मास्तरचे डोळे भरले, आणि छाती वीतभर फुगली.

गाईड बाई खूश झाल्या. पण अहवालाचं पहिलं पान टाइप करताना मुलीची बोटं थांबली.

"अहो, तुम्ही कच्च्या प्रतीत तुमच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलंय. चूक झालीये."

"चूक नाही." मास्तरचे कान लाल झाले. "म्हणजे... तुला माहीतच आहे ना, मला काय म्हणायचंय..."

"पस्तीस!" तिने रेकॉर्डर काउंटरवर ठेवला, बटण दाबलं. "मी बाहेरची. मला काही माहीत नाही. पहिल्यापासून सांग."

मग तो सांगत राहिला — अडखळत, पण सगळं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. अगदी शेवटी तेवढं म्हणाली...

"हं."