मापाचं ब्लाऊज

स्त्रीच्या हृदयातली वेदना जगाला कधीच कळत नाही! सुकेशनीची वेदना हृदयापासून चार बोटं पुढे आणि दोन्ही बाजूंना होती, आणि ती जगाला कळत नव्हती याचं कारण तिनं ती जगाला सांगितलीच नव्हती. स्तन दुखतात, हे ताडकळसात सांगायचं तरी कुणाला? गावातला डॉक्टर भुजंग हा तिच्या नवऱ्याचा, सुगत सरांचा विद्यार्थी. हाफपँटीतल्या भुजंगाला तिनं स्वतःच्या हातानं शेवया वाढल्या होत्या. सरांना तिनं "छातीत भरल्यासारखं होतंय" एवढंच सांगून पाहिलं, तर सरांनी वर्तमानपत्रातून मान न काढता "गॅस असेल" असं निदान केलं. उरला मोबाईल. दार लावून तिनं त्यात शोधलं, आणि मोबाईलनं चौथ्या ओळीतच तिला कर्करोग देऊन टाकला.

त्या क्षणापासून सुकेशनी मरणाच्या तयारीला लागली. मरणाचं भय तिला नव्हतं... भय होतं ते नीलमचं! तेरा वर्षांची पोर, अजून स्वतःची वेणी स्वतःला येत नाही... तिच्याकडे कोण बघणार? सरांना तर घरात साखर कुठल्या डब्यात असते हेही एकोणीस वर्षांत सापडलेलं नव्हतं. राहता राहिली एकच बाई, त्याच अंगणात पलीकडच्या दारात राहणारी धाकटी जाऊ रेणुका. आणि रेणुकाशी सुकेशनी सहा वर्षं बोलत नव्हती!

रेणुका शिलाई करायची. सहा वर्षांपूर्वी सुकेशनीनं तिच्याकडे ब्लाऊजपीस टाकला आणि मापाला म्हणून आपलं लग्नातलं ब्लाऊज दिलं. रेणुकानं एकदा त्या ब्लाऊजकडे पाहिलं, एकदा जावेकडे पाहिलं, आणि बसलेल्या चार बायांदेखत म्हणाली, "ताई, ह्या मापात आता तुमी बसत न्हाईत. टेप लावू द्या."

त्या एका वाक्यानं एका अंगणाची दोन अंगणं झाली. दर रविवारी विहारात दोघी शेजारीशेजारी बसून सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्रीची भावना करत. प्राणिमात्रांत जाऊ धरलेली नव्हती. तेव्हापासून सुकेशनीचं कापड बाजारपेठेतल्या दत्तराव टेलरकडे जाई. दत्तराव मापाच्या ब्लाऊजबरहुकूम हुबेहूब तसंच शिवून देत. बाईकडे बघायची त्यांना सवय नव्हती.

पण मृत्यूच्या उंबरठ्यावर कसला मान आणि कसला अपमान! एका दुपारी सुकेशनीनं ट्रंकेतली हिरवी इरकल काढली, मोठा कुकर तिच्यात गुंडाळला, डोळे पुसले आणि सहा वर्षांनी ती पलीकडच्या दाराची पायरी चढली. मशीन थांबली.

"हे ठेव," सुकेशनी कापऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्या माघारी... नीलमला अंतर देऊ नको."

"कुठं चाललात?"

"लांब..."

"लांब म्हंजे? पालमला?"

"रेणुका, मी पुन्हा येणार नाही गं!"

"आन् जाताना कुकर मला कशापायी?" रेणुकानं गाठोडं चाचपलं. "ह्याची शिट्टी कुठाय?"

तेव्हा मात्र सुकेशनीचा बांध फुटला. भिंतीला टेकून तिनं सगळं सांगितलं... चार महिन्यांचं दुखणं, पाळीच्या आधी आठ दिवस तर हात वर करवत नाही, पाठीवर वळ, मोबाईल, चौथी ओळ! ऐकता ऐकता रेणुकाचेही डोळे भरून आले.

"चार म्हैने? आन् मी हितं भिंतीपल्याड बसून काजं-बटनं करायलेय! ताई, सहा वर्सं तुमी बोलल्या न्हाईत त्ये ठीक. पर मरताना तरी आधी सांगायचं का न्हाई?"

"आताच सांगायले ना..."

"उद्या सकाळी परभणी. पयले डॉक्टर, मग रडू."

परभणीच्या डॉक्टर मंजुषाबाईंनी नीट तपासलं, सोनोग्राफी करवली, मॅमोग्राफी करवली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन त्या वाचत असताना दोघी जावा एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. सुकेशनीनं मनातल्या मनात नीलमचं लग्न लावून पाठवणीसुद्धा करून टाकली.

"काही नाही. गाठ नाही, काही नाही," बाई म्हणाल्या. "आलात हे उत्तम केलंत, पुढे कधी गाठ लागली, स्राव आला, कातडी ओढल्यासारखी दिसली तर मोबाईलला विचारू नका, इथे या. पाळीच्या आधी असं दुखतं बऱ्याच जणींना. हे जेल दुखेल तिथे हलक्या हातानं लावायचं. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, मी लिहून देते तेवढीच. कोमट पाण्याचा शेक. कोणत्या तारखेला किती दुखलं ते वहीत मांडा." मग त्यांनी चष्मा वर केला. "आणि पाठीवर, काखेत हे वळ कसले? हे ब्लाऊज कधीचं?"

"नवंच आहे. दिवाळीचं."

"आणि माप?"

सुकेशनीनं पदर सावरला. "लग्नातलं."

"आतलं?"

"त्याच नंबराचं."

रेणुका छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

"छातीला नीट आधार हवा, आवळलेलं नको," बाई म्हणाल्या. "निम्मं दुखणं तिथंच कमी होईल. अंगाचं माप घेऊन शिवून देणारं कुणी आहे का ओळखीचं?"

सुकेशनीनं रेणुकाचा हात धरून वर केला, आणि एवढं करायला तिला सहा वर्षं लागली होती!

संध्याकाळी पलीकडच्या दारात सुकेशनी हात पसरून उभी राहिली. ज्या टेपनं घर दुभंगलं होतं तीच टेप आज तिच्याभोवती फिरत होती, आणि तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती...

"माझंच चुकलं गं, रेणुका!"

"न्हाई ताई, माझंच. चार बायांत बोलायचं नव्हतं. श्वास सोडा."

"सोडलाय."

"आनखी सोडा. पोट कशापायी आत घेताव? मी छातीचं घ्यायलेय."

सुकेशनीनं श्वास सोडला. टेप सरकली, थांबली. खाटेवरची नीलम मान उंचावून बघू लागली.

"किती?" सुकेशनीनं डोळे मिटून विचारलं.

रेणुका शिलाईच्या धंद्यात अठरा वर्षं होती. आकड्यात तिनं आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. त्यापायी तिची अर्धी गिऱ्हाइकं आणि एक जाऊ गेली होती. तिनं टेपकडे पाहिलं, जावेच्या ओल्या पापण्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग केला.

"छत्तीस," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हते? दत्तरावच घट्ट शिवतात!"

"व्हय ताई," असं म्हणून रेणुकानं वहीत चाळीस लिहिलं.

ब्लाऊज नीट बसलं.