डाव्या सीटचा पट्टा

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याला खोटी वाटते त्याने खुशाल हसावं. शंभूराजही आधी हसलाच होता.

मागचा चैत्र. सांगलीतलं विश्रामबाग. आणि रात्र नव्हती, भर दुपार होती. रस्त्यावरचे रिक्षावाले झाडाखाली पाय पसरून झोपले होते. भुताला अमावास्या आणि पिंपळ लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

शंभूराज वाईजवळच्या गावचा. घरी उसाची बागायत, स्वतः फौजेत हवालदार, सुट्टीवर आलेला. छाती पुढे काढून चालायची सवय त्याला चहाच्या टपरीवरही सोडवत नसे. त्याची धाकटी बहीण शिवांजली. सासरच्यांनी माघारी पाठवलेली, आणि आता सांगलीत रंगुबाई आत्याकडे राहून उपचार घेणारी. खोलीचं दार लागलं की तिला आत कुणीतरी दिसायचं. गोळ्या सुरू झाल्यापासून जरा झोप लागायला लागली होती.

शंभूराजच्या मते ही सगळी नाटकं.

"एक थोबाडीत दिली की उतरतंय असलं भूत," असं तो आत्याच्या तोंडावर म्हणाला होता. अशी माणसं प्रत्येक घरात असतात. दुसऱ्याच्या पोटात दुखलं तरी यांना आधी पुरावा लागतो.

पुरावा मिळायची सोयही झाली. शिवांजलीच्या डॉक्टर सोनम यांचं संशोधन चालू होतं. लहानपणी ज्यांनी फार सोसलं, त्यांचा मेंदू मोठेपणी भीतीला आणि रागाला कसा सामोरा जातो, ते एमआरआय मशीनमध्ये बघायचं. आजारी माणसाबरोबर त्याचं धडधाकट भावंडही तपासायचं. घर एक, आईबाप तेच, मग एक खचतं आणि एक का खचत नाही?

शंभूराजला हे फार आवडलं. धडधाकट म्हणजे तोच.

"फौजेच्या मेडिकलला शेप वन हाय मी, म्हंजे एकदम फिट," तो म्हणाला. "काढा फोटो. माझं डोकं साफ निघालं की हिची नाटकं उघडी. आजच घरी नेणार. गोळ्याबिळ्या बंद."

डॉक्टर म्हणाल्या, एकाच्या फोटोवरून असं काही ठरत नसतं, आणि शिवांजली सज्ञान आहे, तिला विचारा. आटपाडीकडची, मेंढरामागं फिरणाऱ्यांच्यातली ही डॉक्टर पोरगी आपल्याला शिकवणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. शिवांजलीची बॅग त्याने सकाळीच गाडीच्या डिकीत टाकली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. घरी जायचं बोलणं निघाल्यावर तिने खुर्ची भिंतीकडे सरकवली.

आधी प्रश्न झाले. लहानपणी मार बसायचा का?

"बापानं मारलं तर त्याला मार म्हणत्यात व्हय?"

घरात कुणाला कोंडून ठेवायचे का?

"न्हाई."

धडधडीत खोटं. त्यांचे वडील लालासाहेब, गावात मोठा मान. पोरगी रडली की ते तिला विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत कोंडायचे. आत अंधार, मोटारीची घरघर, पत्र्याचं दार. आत ती दार बडवायची. बाहेर कडी लावायचं काम शंभूराजकडे होतं. कडी लावून तो तिथेच उसाचं कांडं सोलत बसायचा. अशा घरांना लोक खानदानी म्हणतात.

मग त्याला आत नेलं. अंगावर लोखंड चालत नाही, म्हणून कडं, पट्टा, किल्ल्या, सगळं बाहेर ठेवलं. बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. डाव्या हातात रबरी फुगा दिला. काही त्रास झाला तर दाबा, बाहेर घंटी वाजते.

"बायकांस्नी द्या ह्ये," म्हणत त्याने तो पोटावर ठेवून दिला.

फळी आत सरकली. नाकासमोर छत. डोळ्यांवरच्या आरशात पडदा दिसत होता, आणि पडद्यावर एकामागून एक चेहरे. कुणी रागावलेलं, कुणी घाबरलेलं. सगळे परदेशी, सगळे मोठी माणसं. तो मनात हसला. गोऱ्या लोकांची तोंडं दाखवून मराठी माणसाचं डोकं तपासतात.

मशीन घरघरायला लागलं.

आवाज ओळखीचा वाटला. मोटारीसारखा.

मग ठोके सुरू झाले. धाड, धाड, धाड. मशीनचा आवाज असाच असतो हे त्याला आधीच सांगितलं होतं. तरी त्याच्या तळहातांना घाम आला.

शेवटी सगळं थांबलं. पडदा काळा झाला. संपलं बुवा, असं त्याला वाटलं.

आणि मग...

धाड.

एकच. हळू. थकलेल्या हाताने मारल्यासारखी.

त्याने श्वास धरला. मशीन बंद होतं. मग पायाकडून आवाज आला... लोखंडी कडी सरकल्याचा. ज्या खोलीत टाचणीसुद्धा नेऊ देत नाहीत, त्या खोलीत.

कडी लागली.

आरशातला काळा पडदा किंचित उजळला. त्यात एक मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक सुटलेली. ती रडत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. कडी लावणाऱ्याकडे जसं बघतात, तसं.

त्याला ओरडायचं होतं. आवाज फुटेना. फुगा पोटावरून कधीच घसरला होता, हाताला लागेना.

पण बाहेर घंटी वाजली.

त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगातला शर्ट भिजून चिंब होता. फुगा फळीखाली लोंबकळत होता. कुणी दाबला, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

"ती लहान पोरगी..." तो एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी पाणी दिलं. आपल्या फोटोंत लहान मूल एकही नाही, त्या म्हणाल्या. फोटो तर आधीच संपले होते. तुमची नाडी मात्र सगळं बंद झाल्यावर उसळली. का, ते मला सांगता येणार नाही.

हे ऐकून शिवांजली उठून आली. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"रिबीन सुटली हुती का रं, दादा?"

त्याने मान हलवली.

ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. लहानपणी रडायची तशी. या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही.

"मला वाटलं मलाच दिसती," ती म्हणाली.

शंभूराजने माफी मागितली नाही. त्या घराण्यात ती पद्धत नाही. डिकीतून बॅग काढली, आत्याच्या दारात ठेवली आणि गोळ्या चालू ठेव म्हणाला. मग एकटाच निघाला.

सांगली मागे पडली तोच गाडीत आवाज सुरू झाला. टिंग, टिंग, टिंग.

डाव्या सीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतो, तो.

सीट रिकामी होती.

त्याने गाणी लावली. काच खाली केली. आवाज तसाच. पेठ नाक्याला गाडी बाजूला घेतली, सीटवर हात फिरवला. रेक्झीन बाकी सगळीकडे उन्हाने तापलेलं... मध्ये एवढीशी जागा गार होती.

तो परत स्टिअरिंगमागे बसला. मग वाकला, आणि त्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला.

आवाज थांबला.

बहिणीला घरी न्यायला आला होता. नेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटारीच्या खोलीचं दार उखडून टाकलं. विचारणाऱ्याला पत्रा गंजला होता म्हणून सांगितलं. खोटं बोलायची खोड तेवढ्याने जाते थोडीच. शिवांजलीला त्या दिवसापासून काही दिसलेलं नाही, आणि डॉक्टर त्याचं श्रेय गोळ्यांना देतात. तसंही असेल.

शंभूराज ड्युटीवर परत गेला. गाडी अंगणात उभी आहे. शोरूमवाल्यांना काही दोष सापडला नाही, म्हणून बॅटरीची वायरच काढून ठेवली आहे.

परवा दुपारी त्याच्या बायकोचा, राणीचा, फोन गेला. आवाज घाबरलेला.

"आवं, गाडीत कुणी न्हाई. वायर काढल्याली हाय. तरी वाजतंय."



"पट्टा लाव," तो म्हणाला. "आन दार उघडंच ठेव."