सटवाजी न्हाव्याचे अंगठे

धामणगडाच्या कड्यावर तांबडे फुटले, तेव्हा चार महिन्यांच्या उपासमारीतही गडावरचा चौघडा नेमाने झडत होता. आणि खाली, वेढा घालून बसलेल्या छावणीत, त्याच गडाचा जासूद भिवजी, तळपाय डागलेला, हात पुढे बांधलेला, विव्हळत पडला होता. गडाची चोरवाट त्याला ठाऊक होती. बादशाही चाकरीतला सरदार रायाजीराव तीच त्याच्या तोंडून काढू पाहत होता.

"सटवाजीला बोलवा," सरदाराने फर्मावले. "हा मेला तर वाटही गेली."

सटवाजी छावणीचा म्हातारा न्हावी. जखमी माणसाच्या अंगठ्याजवळच्या बेचक्यात दाब देऊन कळ उतरवायची, मनगटाची शीर दाबून धडधडती छाती शांत करायची, ही त्याची पिढीजात विद्या. त्याने हात धरला आणि घटकाभरात भिवजीचे कण्हणे थांबले.

लगेच रायाजीरावाने सळई पुन्हा तापवायला सांगितली! दोन दिवस हेच चालले: डागायचे, उतरवायचे, पुन्हा डागायचे. अरे, कसाईसुद्धा एकदाच सुरी चालवतो!

तिसऱ्या दुपारी भिवजी पुटपुटला, "न्हावीदादा, आता हात लावू नका. दुखतं तोवर दातखीळ बसलेली असते. तुम्ही उतरवलंत की जगावंसं वाटतं, लेक आठवते. आणखी एकदा उतरवलंत तर मी बोलून जाईन. गडावर सातशे जीव आहेत हो!"

सटवाजी उठून बाहेर गेला. आठ बैलजोड्या तोफेचा गाडा ओढत होत्या. त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही अंगठे चाकाखाली घातले.

"हरामखोरा!" रायाजीराव कडाडला. "दुखवणारे हजार हात आहेत माझ्याकडे, उतरवणारे दोनच होते! टाका याला त्याच्याच शेजारी. आणि सळई आणा."

भिवजीने चकार शब्द काढला नाही. दिवस मावळता सरदार कंटाळून निघून गेला. सटवाजी ठणक्याने तळमळत होता. विद्या सगळी डोक्यात, पण दाबायला अंगठा नाही! भिवजी सरपटत जवळ आला.

"कुठं दाबू, सांगा."

"मनगटाच्या आत... तीन बोटं मागं... दोन शिरांच्या मधे."

वाट शाबूत राहिली. तिनेच उतरून गडकऱ्यांनी पहाटे छावणी कापून काढली. तंबूत शिरले तो भिवजी थंडगार पडलेला, अंगठा न्हाव्याच्या मनगटात रुतलेला.

"शाबास रे वाघा!" किल्लेदार निळोजीरावांचे डोळे भरून आले. "मरता मरता शत्रूला धरून ठेवलंस!"

सटवाजीने खरे ते सांगितले.

"स्वतःचे अंगठे कोण चाकाखाली घालतो रे?" किल्लेदार म्हणाले. "कडेलोट करा याचा."

भिवजीला पालखीतून गडावर नेले. त्याच्या मागोमाग एका शिपायाने सटवाजीला मनगट आवळून कड्याकडे चालवले. कडा दिसताच म्हाताऱ्याची छाती धडधडू लागली.

"जरा मागं धर, बाबा," तो म्हणाला. "तीन बोटं मागं."