बचतीवरचा इन्व्हर्टर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या छपरावर पॅनल पुसत होतो.

"सकाळपर्यंत बॅटरी पार उतरते रे. मी तर दिवाही लावत नाही. येऊन बघ जरा."

येतो म्हणालो. विजेचे खांब पोचत नाहीत अशा घरांत इन्व्हर्टर बसवण्यात माझी वीस वर्षं गेली, कुठल्याही घराची कधी भीती वाटली नाही. पण हे घर ताईचं होतं. ताईला जाऊन दोन महिने झाले होते, आणि दोन महिने मी मूग गिळून बसलो होतो.

आमची ताई बॅटरीला जिवापाड जपायची. "तुझा डबा रात्रभर गुणगुणतो आणि माझी बॅटरी पितो," असं म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं, तेव्हा मी इन्व्हर्टर बचतीवर टाकला. बचतीवर असला की दिवे मालवताच तो झोपतो आणि कुणी दिवा लावला की जागा होतो. झोपायच्या खोलीत छताला धुराचा अलार्म होता. त्याला वीज लागते नखाएवढी, तेवढ्यासाठी इन्व्हर्टर जागा होत नाही. हे मला ठाऊक होतं. वीज नसेल तेव्हा अलार्म ज्यावर चालतो तो त्याच्यातला सेल संपलाय, हेही ठाऊक होतं.

"पुढच्या खेपेला आणतो," मी म्हणालो.

"तू आणि तुझी पुढची खेप!" ताई हसली.

त्या थंडीत भाऊजी कामासाठी परगावी होते. उबेला ठेवलेल्या शेगडीतली ठिणगी गादीवर पडली. जाळ झालाच नाही, नुसता धूर कोंडत गेला. अलार्म वाजला नाही. झोपेतच गेली बिचारी, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊजी निम्मे झाले होते. स्वयंपाकघरात अंथरूण, आणि झोपायच्या खोलीला कुलूप. इन्व्हर्टर बाहेरच्या बोळात होता. बचतीवर होता, तरी जागा होता. आकडा दाखवत होता चाळीस वॅट.

"काय चालू आहे घरात?"

"काही नाही."

मी एकेक स्विच पाडला. चाळीस. शेवटी घराकडे जाणारी वायरच उपसून हातात घेतली. इन्व्हर्टरच्या पोटातला पंखा गुणगुणतच होता. आकडा तोच.

"भाऊजी… आता यातून काहीच जात नाहीये."

"तिच्या उशाचा दिवा चाळीसचाच होता," ते हळूच म्हणाले. "तिला झोप लागत नसेल…"

बोळात जळक्या कापसाचा वास दाटला. मी वायर खाली ठेवली. मला आणखी गप्प राहवेना.

"भाऊजी, अलार्म वाजला नाही तो माझ्यामुळे. बचतीवर मीच टाकला होता. सेल संपलाय हेही माहीत होतं. मी मारलं हो ताईला…"

भाऊजी आकड्याकडेच बघत होते. तो हलला. अडतीस… तीस… अकरा… शून्य. पंखा थांबला. आणि कुलूपबंद खोलीत काहीतरी धाडकन आपटलं.

भाऊजींना किल्ली सापडेना. सापडली तर कुलपात शिरेना. दार उघडलं तेव्हा समोरची खिडकी सताड उघडी होती. ती त्यांनी स्वतः लावून घेतली होती, ताईला नेलं त्या दिवशी. ते धावत गेले, बाहेर वाकले आणि तिला हाका मारत राहिले. बाहेर नुसतं माळरान होतं.

मग वळले. मला वाटलं, मुस्काटात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रोज तो आकडा बघून झोपायचो रे," ते म्हणाले. "तेवढीच सोबत होती. तुझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. ऐकलं, आणि गेली."

मी उंबऱ्यातच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

बऱ्याच वेळानं मी खिडकी लावायला उठलो, तर त्यांनी मला अडवलं. खिडकीच्या चौकटीवर काजळीचा जाड थर होता. त्यात, आतल्या बाजूनं, कडीपाशी चार बोटं उमटली होती. भाऊजींनी त्या ठशांवर आपली बोटं टेकवली आणि चटका बसून हात झटकन मागे घेतला.

दोन महिन्यांची ती काजळी अजून गरम होती.