घासून काढलेला नंबर

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

दुसरबीड. मागच्या मार्चमधला शुक्रवार. भर दुपार.

जुम्म्याची नमाज पढून कय्यूम आपल्या गॅरेजवर परतला, तर गिऱ्हाईक रामराव निळी गाडी घेऊन थांबलेले. जुनीच गाडी, नुकती घेतलेली. नावावर करायला चेसिस नंबरची छाप हवी होती.

"हा नंबर असते तरी कुठं?" रामरावांनी विचारलं.

"सीटखाली, भाऊ. सतरा अक्षरं. पहिली तीन कंपनीची, शेवटचे आकडे फक्त या एका गाडीचे. माणसाच्या अंगठ्यासारखं."

कय्यूमने मॅट उचलली. पत्र्यावर कागद धरला. पेन्सिल घासायला लागला...

रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज एकदम बंद झाला.

पत्रा गरम लागला. आत्ताच कोणी ग्राइंडर फिरवल्यासारखा.

कागदावर नंबर उमटला. पण पत्र्यावरचा नाही... दुसराच.

दुसरा कागद घेतला. पुन्हा तोच.

शेवटचे आकडे ७३१९. कय्यूमने ते ओळखले.

चार वर्षांपूर्वी त्यानेच ते घासून काढले होते. एका पांढऱ्या गाडीवरून. समोरची काच फुटलेली, बंपरात साडीची चिंधी. आदल्याच संध्याकाळी अंगणवाडीच्या पुष्पांजलीताईंना फाट्यावर उडवून एक गाडी पळाली होती. ताई जागीच गेल्या.

कय्यूमला सगळं कळलं होतं. पण गाडीवाला ओळखीचा. कय्यूमला नाही म्हणवलं नाही. जुना नंबर घासला, नवा ठोकला. गाडी कधी सापडलीच नाही.

"आण इकडं," म्हणत रामरावांनी स्वतः पेन्सिल फिरवली. पत्र्यावरचाच, बरोबर नंबर आला.

कय्यूमने आपल्या मोटारसायकलच्या नंबरावर कागद धरला.

७३१९.

तो कागद घेऊन तसाच ताईंच्या घरी गेला. त्यांचा नवरा प्रेमानंद ओट्यावर बसला होता. कय्यूमने खाली मान घालून सगळं सांगितलं, कागद पुढे केला.

प्रेमानंदने कागद उलटून-पालटून पाहिला.

"हा काऊन आणला बे? कोरा हाय."

कय्यूमने पाहिलं. खरंच... कोरा.

आणि मग त्याच्या तोंडून नंबर बाहेर पडायला लागला. एकेक अक्षर. सतराच्या सतरा. प्रेमानंदने लिहून घेतला.

त्या नंबरावरून आणि कय्यूमच्या जबानीवरून पोलिसांनी गाडीवाल्याला पकडलं. कय्यूमवरही केस झाली. त्याने काही नाकारलं नाही.

ठाण्याबाहेर प्रेमानंद त्याला एवढंच म्हणाला, "चार वर्षं माह्या दारावरून जात होता तू. हात करत होता मले."

कय्यूम आता त्या गल्लीतून जात नाही. कोणाच्या गाडीची छापही घेत नाही.

प्रेमानंदने मात्र नंतर एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी ओट्यावर नंबर सांगणारा आवाज कय्यूमचा नव्हता...

कोणाचा होता, विचारलं की तो उठून घरात जातो.