पेपरच्या बाई

डिसेंबर लागला की सुगत सोनकांबळेच्या टेबलावर गेलेल्या माणसांची पाकिटं जमायला लागायची. कोणाचा मुलगा फोटो आणून द्यायचा, कोणाची सून सत्काराची कात्रणं, कोणाच्या संस्थेतला शिपाई मानपत्राची झेरॉक्स. नांदेडच्या वजिराबादेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याच्या दैनिकाचं ऑफिस होतं. वर्षअखेरीला दैनिकाची एक पुरवणी निघे, ‘आठवणीतली माणसं’. नांदेड-लातूरकडची जी नामवंत माणसं वर्षभरात गेली, त्यांच्यावर एकेक लेख. गेली एकोणीस वर्षं ही पुरवणी सुगतच काढत होता.

माणूस गेला की त्याच्याविषयी बोलायची एक तयार भाषा असते. निगर्वी, मनमिळाऊ, शेवटच्या श्वासापर्यंत कार्यरत. सुगतला ती नको असायची. तो घरी जायचा, चटईवर किंवा सोफ्यावर जिथं सांगतील तिथं बसायचा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करायचा आणि म्हणायचा, “त्यांचं कोणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा.” मग गप्प बसायचा. हे गप्प बसणं हीच त्याची कारागिरी होती. समोरचं माणूस आधी पदराशी चाळा करायचं, मग छताकडं बघायचं आणि मग एकदम बोलायला लागायचं. एकोणीस वर्षांत त्यानं इतक्या घरांतली रडणी ऐकली होती, की आता संध्याकाळी जिना उतरताना त्याचे गुडघे नव्हे, छाती दुखायची. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून बघितली होती. काही नव्हतं.

यंदाच्या यादीत अकरा नावं होती. अकरावं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर कागद पालथा ठेवला होता. शाहीर केरबा सोनकांबळे. त्याचे वडील. मार्चमध्ये गेले. पन्नास वर्षं गावोगाव भीमगीतं गायलेला माणूस. अंत्ययात्रेला लातूरच्या रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती. सुगत त्या दिवशी रडला नव्हता. फोटोग्राफरला कुठं उभं राहायचं ते सांगत होता.

“सर, शाहिरांचं पान मी मोकळं ठेवलंय,” पानं लावणारी दिपाली म्हणाली. “तुम्हाला जमंल तवा द्या.”

“देतो,” सुगत म्हणाला. “आधी बाकीचे उरकू दे.”

सगळ्यात आधी तो इतवाऱ्यात गेला, मुज्तबाकडं. यादीतलं पहिलं नाव मुज्तबाच्या आईचं, डॉक्टर कमरुन्निसा. अर्ध्या जुन्या नांदेडचा जन्म त्यांच्या हातून झाला होता. मुज्तबाचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. सुगतला बघून त्यानं डोळ्यावरची भिंगाची वाटी काढली.

“सुगतभाई, आता परत काय विचारता? तुमच्या पेपरच्या बाई येऊन गेल्या ना जुम्याला.”

“कोणत्या बाई?”

“साठीच्या असतील. करड्या रंगाची साडी, कापडी पिशवी. बोलतही इतकं साफ दखनी होत्या, मला वाटलं आमच्याच मोहल्ल्यातल्या.”

ऑफिसात बाई म्हणून एकटी दिपाली होती, आणि ती सव्वीस वर्षांची. सुगतनं मनात म्हटलं, दुसऱ्या कुठल्या पेपरची असेल. रेकॉर्डिंग चालू करून त्यानं आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मुज्तबा बोलायला लागला. आईची डिग्री, तिचे पुरस्कार, दवाखान्यातली गर्दी. मग तो थांबला. हातातलं बारीक पेचकस त्यानं काचेवर ठेवलं.

“एक गोष्ट विचारू? त्या बाईंना मी फक्त एवढंच सांगितलं, की अम्मी आम्हाला फजरच्या नमाजाला कशी उठवायची. कोणत्या नावानं, कशी हाक मारून. दहा मिनिटंसुद्धा नसतील.” त्याचा आवाज उतरला. “त्यानंतर मला अम्मीची आवाजच याद येत न्हाई. रोज बसतो, करून बघतो. येतच न्हाई.”

“दुःखात होतं असं,” सुगत म्हणाला. हे वाक्य त्यानं शेकडो वेळा म्हटलं होतं.

“तसं असंल,” मुज्तबा म्हणाला. “पण खरं सांगू? हलकं वाटतंय. झोप लागायला लागली.”

पुढच्या तीन घरी तेच. बाई येऊन गेल्या. पेपरच्या. पाणी दिलं तर घेतलं नाही. वही काढली नाही, काही लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकाच्या बायकोला नवऱ्याची चाल आठवेना. तो समोर उभा दिसायचा, चालताना दिसायचा नाही. दुसऱ्या एका घरी तर कोणाला काही गेल्याचंही जाणवत नव्हतं. फक्त सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. सुगतनं ऑफिसात येऊन चौकशी केली, बाकीच्या दैनिकांतल्या ओळखीच्यांना फोन लावले. अशी बाई कोणाकडंच कामाला नव्हती.

आठवड्यानं तो लातूरला गेला. तिथून वीस किलोमीटरवर रेणापूर. आप्पासाहेब वस्तादांचं घर. वस्तादांनी तीस वर्षं तालीम चालवली होती, त्यांचे पठ्ठे राज्याबाहेर कुस्त्या मारून आले होते. त्यांचा मुलगा संगमेश दारातच भेटला. सुगतला आत न्यायच्या आधी तो ओट्यावरच थांबला.

“आई बरी हाय,” तो म्हणाला. “बाई आल्यापासून एकदा बी रडली न्हाई. दुपारी बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या दोघी. आम्हाला वाटलं, चांगलं झालं, मन मोकळं झालं.” तो थोडा थांबला. “तुम्ही एकदा बोलून बघा.”

आत वस्तादांचा मोठा फोटो होता. फेटा, पिळदार मिशा, खांद्यावर चांदीची गदा. म्हातारी ओल्या फडक्यानं त्याची काच पुसत होती. कोपरेसुद्धा नीट, नख घालून पुसले. सुगत बसला, प्रश्न विचारला. म्हातारीनं फोटोकडं बघितलं, मग सुगतकडं.

“पैलवान होते म्हणतात,” ती म्हणाली. “लई लोक येतात बघा यांच्यासाठी.”

एवढं बोलून तिनं फडकं पिळलं आणि ती चहाचं बघायला आत गेली.

संगमेश भिंतीला टेकून उभा होता. सुगतनं रेकॉर्डिंग बंद केलं. निघताना संगमेशनं त्याच्या हातात वस्तादांचा फोटो ठेवला, पुरवणीसाठी, आणि हात लगेच सोडला नाही.

रेणापूरहून लातूरला यायला जीप मिळाली. सुगतच्या डोक्यात एकच गोष्ट होती. माय. रेल्वे स्टेशनामागच्या गल्लीत तो जवळजवळ धावतच शिरला.

त्याची माय, भामाबाई, दारात मेथी निवडत बसली होती. त्याला बघून तिनं पाय आवरले.

“माय, कोणी बाई आली होती का? पेपरातून म्हणून?”

“आली व्हती की. परवा.”

“काय सांगितलं तिला?”

“काय सांगू? काईच न्हाई.” भामाबाईनं एक काडी बाजूला टाकली. “मी म्हणलं, मयताच्या घरी पानी पेत न्हाई असलं कसलं मानूस? ती म्हणली, शाहिरांचं सांगा काई. मी म्हणलं, त्यांचं जे हाय ते माझ्यापाशी हाय. मानूस गेलं ते गेलं, आता आठवन बी न्यायला येता काय?”

“मग?”

“हसली. म्हणली, बरं, लेकाला विचारते.”

सुगत तिच्याशेजारी बसला. छातीतलं ते दुखणं परत आलं होतं. मायनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या बोटांना मेथीचा वास होता.

“लई दमून गेलास रे,” ती म्हणाली. “येऊ दे तिला. तू सांगू नको. काईच सांगू नको, ऐकलं का?”

“हाव.”

“आन् तुझ्या आबाचं तुझं तू लिही. बसून लिही. दुसऱ्याचं किती लिहिशील?”

तो जेवला. मायनं सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोनच्या नांदेड गाडीला खिडकीची जागा मिळाली. गाडी निम्मी रिकामी होती. डिसेंबरचं उबदार ऊन काचेतून मांडीवर पडत होतं, बाहेर तुरी वाळत आल्या होत्या. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्याचा डोळा लागला होता. जाग आली तर शेजारी एक बाई बसलेली. करडी साडी. मांडीवर कापडी पिशवी.

चेहरा साधा होता. कुठल्याही लग्नात, कुठल्याही बँकेच्या रांगेत दिसतो तसा. सुगतनं खिशात हात घातला, मोबाइल न काढता बाजूचं बटण दाबून रेकॉर्डिंग चालू केलं. इतक्या वर्षांची हाताची सवय.

“पेपरच्या का तुम्ही?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“कोणत्या पेपरच्या?”

“तुमच्याच की.”

तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. सुगतला राग यायला हवा होता. त्याला मुज्तबा आठवला, ती काच पुसणारी म्हातारी आठवली. कंडक्टरला हाक मारावी, गाडी थांबवावी, उतरून जावं. पण एवढं सगळं करायला आधी जागेवरून उठावं लागतं, आणि तेवढा जोर त्याच्या अंगात नव्हता.

“लोकांचं ऐकून ऐकून भरून गेलात,” बाई म्हणाली. “तुमचं कोणी ऐकलं का?”

त्यानं मान खिडकीकडं वळवली.

गाडी एका चढाला लागली. ड्रायव्हरनं गिअर बदलला.

बाईनं विचारलं, “शाहिरांचं कोणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा.”

शब्द त्याचेच होते. आणि मग ती गप्प बसली, अगदी तो बसायचा तशी. घाई न करता, नजर जरा खाली ठेवून. आपण समोरच्याला किती मोठी जागा करून देत होतो, हे सुगतला पहिल्यांदा आतून कळलं.

एकच आठवण सांगावी, त्याला वाटलं. छोटीशी. एवढ्या साठ्यातून एक गेली तर काय होतंय?

तो बोलायला लागला.

लोह्याच्या स्टँडवर त्यानं मान वर केली तेव्हा शेजारी गुडघ्यात पोतं धरून एक म्हातारा बसला होता. खिशातल्या मोबाइलनं बॅटरी संपत आल्याची टिकटिक केली. सुगतनं ऊन बघितलं. छातीत काही दुखत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला, आणि नांदेड येईपर्यंत तो गाढ झोपला. चटणी-भाकरीचं गाठोडं गाडीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो ऑफिसात लिहायला बसला. वर शाहीर केरबा सोनकांबळे असं नाव टाईप केलं. जन्मसाल टाकलं, गाव टाकलं, पुरस्कार टाकले. मग कर्सर नुसता लुकलुकत राहिला. त्यानं बाकीच्या दहा लेखांचे खर्डे चाळले. हाही तसाच होईल, तो म्हणाला, आणि मोबाइल दिपालीकडं सरकवला.

“यात रेकॉर्डिंग हाय. घरच्या कोणाचं तरी हाय. तू ऐकून टाईप कर.”

दिपालीनं ते चालू केलं. आधी एसटीची खडखड. मग आवाज आला, सुगतचाच. मध्ये मध्ये तो थांबत होता, आणि त्या थांबण्यात कोणाचाही प्रश्न ऐकू येत नव्हता. नुसतं इंजिन.

आवाज सांगत होता, की तो सहा वर्षांचा असताना आबांचा गळा बसला. लागोपाठ जलसे झाले होते, महिनाभर एक शब्द निघत नव्हता. त्या महिन्यात आबा त्याला जवळ घेऊन त्याच्या तळहातावर बोटानं लिहायचे. पाणी. भाकर. ये. त्यानं हात पुढं धरायचा आणि ओळखायचं. शाळेत जायच्या आधी तो असा वाचायला शिकला. गळा सुटला तेव्हा आबांनी पहिलं गाणं म्हटलं, आणि तो रुसला. का, तर आता ते आपल्या हातावर लिहिणार नाहीत म्हणून.

दिपालीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

“सर, हे तुम्ही कधीच सांगितलं न्हाई.”

“चांगलं हाय,” सुगत म्हणाला. तो तिच्या रडण्याकडं जरा कुतूहलानं बघत होता. “लेख उठून दिसंल. फक्त छापायच्या आधी घरच्यांना एकदा वाचून दाखव. नावात चूक नको.”

दिपालीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. ती हसली, मग हसायची थांबली.

रेकॉर्डिंग चालूच होतं. आबांची हलगी, आबांचं जेवण, आबांचा दवाखान्यातला शेवटचा आठवडा. आवाज हळूहळू मोकळा होत गेला, जवळजवळ आनंदी. मग एक लांब थांबा आला. गाडीची घंटा वाजली. कंडक्टर ओरडला, अहमदपूर, अहमदपूर. आणि सुगतचा आवाज म्हणाला,

“आता मायचं सांगतो. मायचं लई हाय.”

दिपालीनं झटकन स्क्रीनकडं बघितलं. अजून बावन्न मिनिटं बाकी होती.

तेवढ्यात आवाज तुटला आणि फोन वाजायला लागला. स्क्रीनवर दोन अक्षरं आली, ‘माय’. दिपालीनं मोबाइल उचलून त्याच्यापुढं धरला.

“सर, घ्या ना.”

सुगतनं चष्मा कपाळावर सारला, अक्षरं वाचली आणि पुन्हा आपल्या खर्ड्यात डोकं घातलं.

“नंबर सेव्ह हाय म्हणजे वळखीचं असंल कोणीतरी,” तो म्हणाला. “घे तू. विचार, त्यांच्या घरचं कोण गेलंय.”